घरच्या संगणकावरील बिनतारी जोडणीचे चिन्ह : दोष शोधण्याची रीत

प्रास्ताविक

प्राथमिक शाळेच्या कामकाजाचा बराचसा भाग आज संगणकावरून चालतो. विद्यार्थ्यांची नोंद, शालेय पोषण आहाराची माहिती, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे ही सर्व ठरलेल्या मुदतीत संकेतस्थळावर भरावी लागतात. कर्जत व खालापूर तालुक्यांतील डोंगरउतारावरच्या शाळांत हे काम शाळेच्या वेळात पुरे होईलच असे नाही. पुष्कळदा शिक्षक ते घरी नेतात आणि रात्री घरच्या संगणकापुढे बसून संपवितात. अशा वेळी बिनतारी जोडणी म्हणजे वाय-फाय बंद पडले, तर अडचण केवळ शिक्षकाची राहत नाही.

एक उदाहरण घ्यावे. एका ठाकूरवाडीतील दोनशिक्षकी शाळा आहे. तेथील सहा मुलांची नावे शिष्यवृत्ती परीक्षेसाठी भरावयाची आहेत आणि मुदत उद्या संपत आहे. शाळेच्या बाई नेरळला राहतात. दिवसभर पाऊस कोसळला आहे. रात्री आठ वाजता त्यांनी संगणक सुरू केला, तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात नेहमीच्या कमानींच्या जागी पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह दिसले व त्यावर काट मारलेले लहान वर्तुळ होते. बाईंनी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. चिन्ह बदलले नाही. त्यांनी संगणकातील वाय-फायचा पासवर्ड पुसून नवा घातला. तरी चिन्ह तसेच राहिले. मग कोणी फोनवरून सुचविले म्हणून राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रात टाचणी घालून तो मूळ स्थितीस नेला. आता घरातील फोनलाही वाय-फायचे ओळखीचे नाव दिसेना. अकरा वाजले. मूळचा दोष एक होता, त्याचे आता दोन झाले; आणि कोणता आपला व कोणता आधीचा, हे सांगणे अशक्य झाले.

त्या सहा मुलांच्या घरी या गोष्टीची विचारपूस करणारे कोणी असेलच असे नाही. नाव राहिले तर ते राहिलेच. यास्तव अशा दोषाचा शोध कसा घ्यावा, हे प्रत्येक शिक्षकास माहीत असणे अगत्याचे आहे. त्यासाठी यंत्रशास्त्राचे शिक्षण लागत नाही. क्रमाने पाहण्याची सवय मात्र लागते, आणि ती सवय शिक्षकाच्या अंगी असतेच.

पाठाचे उद्देश

(१) चिन्ह काय सांगते व काय सांगत नाही, हे समजून घेणे. (२) संगणकापासून संकेतस्थळापर्यंतच्या वाटेचे टप्पे ओळखणे. (३) जवळच्या टप्प्यापासून दूरच्या टप्प्याकडे, एका वेळी एकच बदल करीत, दोष शोधणे. (४) हीच रीत विद्यार्थ्यांस खेळातून शिकविणे.

चिन्ह कशाचे द्योतक आहे

कर्जत-खोपोली मार्गावर गाडी पळसदरीस उभी असता पुढचा सिग्नल हिरवा होतो. त्याचा अर्थ पुढील टप्पा मोकळा आहे, एवढाच असतो. गाडी खोपोलीस वेळेवर पोहोचेल, असे तो सिग्नल सांगत नाही. संगणकावरील चिन्हाचेही तसेच आहे. ते वाटेच्या एखाद्या भागाविषयी बोलते. पाहणारा मात्र ते सर्व वाटेविषयी बोलत आहे असे धरून चालतो.

विंडोज १० व ११ या प्रणालींत हे चिन्ह पडद्याच्या खालच्या पट्टीवर, घड्याळाच्या शेजारी असते. त्याची मुख्य रूपे पुढीलप्रमाणे आहेत. पंख्यासारख्या कमानी दिसल्या तर बिनतारी जोडणी झालेली आहे. जितक्या कमानी ठळक, तितक्या जोराने राउटरच्या लहरी संगणकास ऐकू येत आहेत. विमानाचे चिन्ह दिसले तर ‘एअरप्लेन मोड’ चालू असून संगणकाचा बिनतारी भाग मुद्दाम बंद ठेवलेला आहे. पडदा व तार यांचे चिन्ह दिसले तर जोडणी तारेने झालेली आहे. काट मारलेल्या वर्तुळासह पृथ्वीचा गोल दिसला तर, एक तर वाय-फायशी जोडणी झालेली नाही, किंवा ती झाली असूनही पुढे इंटरनेट मिळत नाही. जुन्या विंडोज ७ मध्ये व विंडोज १० च्या आरंभीच्या आवृत्त्यांत या दुसऱ्या प्रसंगी पिवळा त्रिकोण व त्यात उद्गारचिन्ह दिसे. चिन्हावर क्लिक केले असता जे शब्द दिसतात ते चिन्हापेक्षा अधिक नेमके असतात. म्हणून आरंभी ते शब्द वाचावेत व कागदावर उतरून घ्यावेत.

येथे दोन गोष्टी ध्यानी धराव्यात.

पहिली गोष्ट अशी, की कमानी केवळ येणाऱ्या लहरींचा जोर दाखवितात. बिनतारी व्यवहार दुहेरी असतो. १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी तारायंत्र सुरू झाले, तेव्हा संदेश धाडण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीस व संदेश घेण्याचे केंद्र दौंडास होते. धाडणे आणि ऐकणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे यावरून स्पष्ट होते. घरातही राउटरचा आवाज संगणकास चांगला ऐकू येत असेल, परंतु संगणकाचे उत्तर राउटरपर्यंत क्षीण होऊन पोहोचत असेल. अशा वेळी कमानी बऱ्यापैकी दिसत असूनही काम अडखळते.

दुसरी गोष्ट अशी, की ‘इंटरनेट नाही’ हा निर्णय संगणक एका ठराविक प्रश्नावरून देतो. विंडोज १० व ११ प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या एका ठराविक संकेतस्थळावरून एक चिमुकली मजकूर-फाईल मागविते. तीत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ते शब्द जसेच्या तसे आले, की इंटरनेट आहे असे ती समजते. न आले तर नाही असे समजते. गावात पाऊस आहे की नाही हे एकाच घरी विचारून ठरवावे, तसा हा प्रकार आहे. बहुधा उत्तर बरोबर येते. नेहमी येईलच असे नाही. चिन्ह प्रतिकूल असता संकेतस्थळ उघडते आणि चिन्ह अनुकूल असता संकेतस्थळ उघडत नाही, असे दोन्ही प्रकार घडतात. एतदर्थ चिन्ह पाहून निराश होण्यापूर्वी एखादे संकेतस्थळ प्रत्यक्ष उघडून पाहावे.

वाटेचे पाच टप्पे

कर्जत तालुक्यातील राजनाला कालव्यावरील शेतकऱ्याच्या शेतात पाणी आले नाही, तर तो काय करतो? तो प्रथम आपल्या शेताचे तोंड पाहतो. तेथे बांध फुटलेला नसेल तर चारीने वर चालत जातो. पुढे मुख्य कालव्यास पाणी आहे का ते पाहतो. कालवाच कोरडा असेल तर दोष आपल्या शेतात नाही, हे त्यास कळते. कारण ते पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडलेले असते, आणि १९२२ पासून चालत आलेल्या त्या केंद्रास घाटमाथ्यावरील ठोकरवाडीच्या जलाशयातून पाणी मिळते. कालवा कोरडा असता शेताचा बांध खणीत बसणारा शेतकरी कोणी पाहिला नसेल. संगणकापुढे बसलेला सुशिक्षित मनुष्य मात्र नेमके हेच करतो.

संगणकाच्या बाबतीत वाटेचे पाच टप्पे असतात. पहिला टप्पा म्हणजे संगणकातील बिनतारी भाग. दुसरा टप्पा म्हणजे संगणक व राउटर यांमधील हवा. तिसरा टप्पा म्हणजे राउटर. चौथा टप्पा म्हणजे राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंत गेलेली फायबरची तार. पाचवा टप्पा म्हणजे त्यापलीकडील इंटरनेट व इच्छित संकेतस्थळ.

तपासणीचा क्रम

प्रथम दोन परीक्षा कराव्यात. त्यांस मिळून पाच मिनिटे पुरतात व त्यांनी निम्मी वाट एकदम बाजूस काढता येते.

पहिली परीक्षा : घरातील फोनचे मोबाईल डेटा बंद करून तो घरच्याच वाय-फायला जोडावा व एखादे संकेतस्थळ उघडावे. दुसरी परीक्षा : फोनचे मोबाईल डेटा चालू करून त्याचा ‘हॉटस्पॉट’ सुरू करावा व संगणक त्यास जोडावा. यावरून निष्कर्ष पुढीलप्रमाणे निघतात. घरच्या वाय-फायवर फोन चालतो पण संगणक चालत नाही, असे असल्यास दोष पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात आहे. घरच्या वाय-फायवर दोन्ही चालत नाहीत, परंतु हॉटस्पॉटवर संगणक चालतो, असे असल्यास संगणक निर्दोष असून दोष तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात आहे. सर्व ठिकाणी इतर संकेतस्थळे उघडतात, फक्त इच्छित संकेतस्थळ उघडत नाही, असे असल्यास दोष पाचव्या टप्प्यात शोधावा. विशेष म्हणजे दुसऱ्या परीक्षेत जोडणी मिळाली, तर निकडीचे काम त्याच वेळी उरकून घेता येते.

पहिला टप्पा, संगणक : ‘एअरप्लेन मोड’ बंद असावा व ‘वाय-फाय’ चालू असावे. काही लॅपटॉपवर यासाठी कळफलकावर स्वतंत्र कळ असते आणि ती नकळत दाबली जाते. टेबलावरील मोठ्या संगणकात बिनतारी भाग असेलच असे नाही. तो नसल्यास वाय-फायचे चिन्ह मुळातच दिसणार नाही, व तो दोष नव्हे. अशा संगणकास यूएसबीच्या खोबणीत बसणारा लहान वाय-फाय अडॅप्टर लावतात. तो काढून दुसऱ्या खोबणीत बसवून पाहावा. अडॅप्टर नसल्यास फोन यूएसबी तारेने संगणकास जोडून फोनमधील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केल्यानेही काम भागते. एरवी दिसणारे चिन्ह एकाएकी नाहीसे झाल्यास संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. येथे ‘शट डाऊन’ पुरेसे नसते. कारण विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे ‘शट डाऊन’ नंतरही प्रणालीचा काही भाग पूर्वीच्याच स्थितीत साठवून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’ मध्ये सर्व काही नव्याने सुरू होते. त्यानेही चिन्ह न आल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’ मध्ये बिनतारी भागाच्या नावावर पिवळी खूण आहे का, ते पाहावे. असल्यास त्याचे ड्रायव्हर म्हणजे चालक-सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागते.

दुसरा टप्पा, हवा : चिन्हावर क्लिक केले असता जवळपासच्या वाय-फायची नावे दिसतात. शेजाऱ्यांची नावे दिसतात आणि आपले दिसत नाही, तर संगणक ऐकतो आहे. राउटरच गप्प आहे किंवा दूर आहे. आपले नाव दिसते पण जोडणी होत नाही, तर त्या नावाच्या पुढील ‘फर्गेट’ हा पर्याय निवडून पासवर्ड पुन्हा काळजीपूर्वक घालावा. मात्र पासवर्ड हाताशी असल्याखेरीज ‘फर्गेट’ करू नये.

लहरींच्या स्वभावाचे थोडे ज्ञान येथे उपयोगी पडते. घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. भारतात हे दोन्ही पट्टे अशा वापरासाठी परवानामुक्त आहेत. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, तर दुसऱ्याची सुमारे सहा सेंटिमीटर लांबीची असते. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, परंतु भिंतींपलीकडे ती लहर लवकर क्षीण होते. राउटरची दोन नावे दिसत असतील, तर दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचे नाव निवडावे. काळ्या दगडाची जाड भिंत, पत्रा, पोलादी कपाट व पाण्याचे पिंप यांच्या आड राउटर ठेवू नये. धातू लहरी परतवितो आणि पाणी त्या शोषून घेते. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणून ती चालू असता जवळील वाय-फाय मंदावते.

तिसरा टप्पा, राउटर : त्यावरील दिवे पाहावेत व कोणता दिवा कसा आहे ते लिहून ठेवावे. मुळीच दिवा नसल्यास विजेचा प्लग व अडॅप्टर पाहावा. दिवे नेहमीप्रमाणे असूनही जोडणी नसल्यास राउटर बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे, चालू करावा व तीन मिनिटे वाट पाहावी. घाईने चालू-बंद करीत राहू नये. राउटर संगणकास क्रमांक देतो की नाही, हेही पाहता येते. संगणकात ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून रोमन लिपीत ‘आयपीकॉन्फिग’ असे टाइप करावे. १९२.१६८ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर बहुधा राउटरने संगणकास ओळखले आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर राउटरकडून क्रमांक आलेला नसून संगणकाने तो स्वतःच तात्पुरता घेतलेला आहे; म्हणजे दोष राउटरच्या अलीकडेच आहे. राउटरच्या पाठीमागील छिद्रातील ‘रीसेट’चे बटण कंपनीच्या माणसाने सांगितल्याखेरीज दाबू नये. त्याने वाय-फायचे नाव व पासवर्ड पुसले जातातच, शिवाय कंपनीने भरून दिलेली माहितीही पुसली जाण्याचा संभव असतो.

चौथा टप्पा, बाहेरील तार : फायबरच्या राउटरवर ‘पी.ओ.एन.’ व ‘एल.ओ.एस.’ अशा अक्षरांचे दोन दिवे सामान्यतः असतात. पहिला स्थिर हिरवा व दुसरा विझलेला, ही निरोगी स्थिती होय. ‘एल.ओ.एस.’ चा दिवा तांबडा झाला, तर तारेतून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोहोचत नाही. तारेचे टोक राउटरमध्ये नीट बसले आहे का व घरात ती तार कोठे काटकोनात वाकली आहे का, एवढेच पाहावे. तार सोलू नये व तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये; त्यातील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण अपायकारक ठरू शकतो. पुढील काम कंपनीचे आहे; तिच्या देयकावर छापलेल्या क्रमांकावरच तक्रार नोंदवावी. साहाय्य करण्याच्या मिषाने परक्याने फोन करून पासवर्ड अथवा ओटीपी विचारल्यास तो देऊ नये. या टप्प्यावर आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते : जोडणीच्या वर्गणीची मुदत संपलेली असू शकते. कमानी पूर्ण, दिवे हिरवे, आणि इंटरनेट नाही, असे असल्यास प्रथम ती तारीख पाहावी.

पाचवा टप्पा, संकेतस्थळ : इतर संकेतस्थळे उघडतात व एकच उघडत नाही, तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी तेथे गर्दी झालेली असणे संभवते, थोड्या वेळाने पाहावे. तथापि त्याआधी संगणकाचे घड्याळ पाहावे. संगणकात नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. ती संपली, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळे आपले प्रमाणपत्र दाखवितात व त्यावर मुदतीच्या तारखा असतात. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर पडली, की ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो व संकेतस्थळ उघडत नाही. चिन्हाची परीक्षा मात्र प्रमाणपत्राविना होते, त्यामुळे ते निर्मळ दिसत राहते. जुन्या संगणकांवर हा दोष हमखास आढळतो. तारीख दुरुस्त केल्यास काम तत्काळ सुरू होते, आणि अल्प किमतीची बॅटरी बदलल्यास पुन्हा उद्भवत नाही.

डोंगर, पाऊस आणि वीज

या दोन तालुक्यांत पावसाळ्यात जोडणी वारंवार तुटते. त्यावरून पावसाच्या धारांनी वाय-फाय अडते, असा समज होतो. तो बरोबर नाही. छतावरील तबकडीने दूरदर्शन पाहणाऱ्यांस जोराच्या सरीत चित्र गेल्याचा अनुभव असतो. कारण तेथे सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात आणि त्यांस पावसाचे थेंब खरोखर अडवितात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर घरापुरत्या अंतरात पावसाचा परिणाम नगण्य असतो. पावसाळ्यातील दोष बहुधा वेगळ्या ठिकाणी असतो : झाडाची फांदी पडून तार तुटते, सांध्यात पाणी शिरते, किंवा वीज जाते. वीज जाताच राउटर बंद पडतो. त्यास लहान बॅटरीचा आधार दिल्यास काही तास निभावते. कडकडाट सुरू असता राउटर व संगणक यांचे प्लग काढून ठेवावेत.

डोंगरांचा अडथळा मात्र खरा आहे, पण तो घरातील वाय-फायला नसून मोबाईल मनोऱ्याच्या लहरींना आहे. सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानच्या कुशीत वसलेल्या वाडीस पलीकडील मनोरा असून नसल्यासारखा असतो. म्हणून हॉटस्पॉटची परीक्षा करताना फोन घरात न ठेवता अंगणात, मनोऱ्याच्या बाजूस ठेवावा. चार पावलांचा फरकही पुष्कळ ठरतो. हाच अडथळा शास्त्रज्ञांस इष्ट असतो, हेही मुलांस सांगण्याजोगे आहे : सह्याद्रीपलीकडे जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. मनुष्यनिर्मित लहरींचा गोंगाट जेथे कमी, अशी जागा तिच्यासाठी निवडण्यात आली.

वर्गात हा पाठ कसा घ्यावा

इयत्ता चौथीपासून पुढे हा पाठ संगणकाशिवायही घेता येतो. आठ मुले एका रांगेत उभी करावीत. पहिले मूल म्हणजे संगणक व आठवे मूल म्हणजे संकेतस्थळ. पहिल्याने चिठ्ठी पुढे द्यावी व ती हातोहात आठव्यापर्यंत जावी. नंतर शिक्षकाने गुपचूप एका मुलास चिठ्ठी अडवून धरण्यास सांगावे. वर्गाने रांगेतील मुलांस ‘चिठ्ठी तुझ्या हातून पुढे गेली का?’ एवढेच विचारून, कमीत कमी प्रश्नांत चिठ्ठी अडविणारा शोधावा.

आरंभी मुले पहिल्यापासून क्रमाने विचारतात. काही वेळाने कोणी तरी चौथ्यास आधी विचारतो. चौथ्याने ‘गेली’ म्हटले, की पहिली चार मुले एकदम सुटतात. मग उरलेल्या चारांतून दोन व दोनांतून एक, असे तीन प्रश्नांत उत्तर मिळते. आठ, चार, दोन, एक ही निमपट मुलांच्या आपोआप ध्यानी येते. हॉटस्पॉटची परीक्षा म्हणजे चौथ्या मुलास विचारलेला प्रश्नच होय, हे शिक्षकाने शेवटी सांगावे. मुलांनी शोधून काढण्यापूर्वी ही युक्ती सांगू नये. दुसऱ्या फेरीत दोन मुलांस चिठ्ठी अडविण्यास सांगावे. एक दोष सापडला तरी काम सुरू होत नाही, हे पाहून मुले प्रथम गोंधळतात. एका वेळी एकच बदल करून पुन्हा पाहणे का आवश्यक आहे, हे त्यांस त्यातूनच कळते.

संकलन

नेरळच्या बाईंकडे पुन्हा वळावे. रात्री आठ वाजता त्यांनी प्रथम चिन्हावर क्लिक करून शब्द वाचले असते, तर जोडणी राउटरपर्यंत आहे आणि पुढे नाही, हे त्यांस दिसले असते. फोनची परीक्षा केली असती, तर दोष संगणकात नाही, हे कळले असते. मग राउटरकडे पाहताच ‘एल.ओ.एस.’ चा तांबडा दिवा दिसला असता. कारण पावसात फांदी पडून रस्त्यावरची फायबरची तार तुटलेली होती. घरातील कोणत्याही बटणाने ती सांधली जाणार नव्हती. पासवर्ड निर्दोष होता, संगणक निर्दोष होता आणि राउटरही निर्दोष होता. कंपनीकडे तक्रार नोंदवून, फोन अंगणाकडील खिडकीत ठेवून हॉटस्पॉटवर सहा आवेदनपत्रे भरावयास तास पुरला असता. दोष दूर करणे त्यांच्या हाती नव्हते. दोष कोठे नाही हे ओळखणे मात्र त्यांच्या हाती होते, आणि मुलांची नावे वेळेवर जाण्यास तेवढे पुरेसे होते.

प्रत्येक शिक्षकाने एका कागदावर वाय-फायचे नाव व पासवर्ड, कंपनीचा ग्राहक क्रमांक व तक्रारीचा दूरध्वनी, वर्गणीची शेवटची तारीख आणि निरोगी स्थितीतील राउटरच्या दिव्यांचे रंग लिहून तो कपाटात ठेवावा. जोडणी चांगली असतानाच हे करावे. तसेच विंडोज १० चे मोफत सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. ती प्रणाली ज्यांच्या संगणकावर आहे त्यांनी शाळेची व मुलांची माहिती त्यावर भरण्यापूर्वी प्रणाली बदलण्याचा विचार करावा.

स्वाध्याय

(१) घरच्या राउटरवरील दिव्यांची आकृती काढून प्रत्येकाचा अर्थ लिहा.
(२) कमानी पूर्ण दिसतात, फोनवर सर्व संकेतस्थळे उघडतात, परंतु संगणकावर एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. प्रथम काय पाहाल व का?
(३) राउटर एकाच जागी ठेवून घराच्या चार कोपऱ्यांत चिन्हाच्या किती कमानी दिसतात त्याची नोंद करा. जेथे कमी दिसल्या, तेथे मधे कोणती वस्तू आहे?
(४) चिठ्ठीच्या खेळात रांगेत सोळा मुले असल्यास जास्तीत जास्त किती प्रश्न लागतील? खेळून पडताळा.
(५) गावातील नळास पाणी आले नाही, तर शोध कोणत्या क्रमाने घ्याल? टप्पे लिहा व संगणकाच्या पाच टप्प्यांशी त्यांची तुलना करा.